भांग रुंदावत चाललाय? आधी तीन महिने मागे जा

‘बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात,’ असं काही घरांतल्या जुन्या बायका अजूनही म्हणतात. बाळाच्या ओळखण्याशी केसांचा संबंध नाही, पण निरीक्षण चोख आहे. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यात गळती सुरू होते आणि बाळही त्याच सुमाराला माणसं ओळखू लागतं. शरीराला धक्का बसतो त्या दिवशी केस पडत नाही. मुळाशी त्याची वाढ थांबते, मग दोन-तीन महिने तो जागच्या जागी नुसता अडकून राहतो आणि एक दिवस कंगव्यात येतो.

पीसीओएस (अंडाशय आणि हॉर्मोन यांचा सर्रास आढळणारा विकार) किंवा थायरॉइड असलेल्या विशी-तिशीतल्या मुलींची सगळी तारांबळ या तीन महिन्यांच्या उशिरामुळे होते. आज मूठभर केस आले की आजच्या शाम्पूवर, होस्टेलच्या बोअरच्या पाण्यावर संशय जातो. खरं कारण तीन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूत, टायफॉइडमध्ये, लग्नासाठी केलेल्या कडक डाएटमध्ये किंवा बंद केलेल्या हॉर्मोनच्या गोळ्यांत असतं. औषधाचंही तेच. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून बाटली बाजूला पडते आणि काम करायला निघालेलं औषध अर्ध्यावर थांबतं. म्हणून पहिली खरेदी तेलाची नको, एका वहीची करा. मागच्या सहा महिन्यांतली आजारपणं, पाळीच्या तारखा, वजनातले बदल, सुरू आणि बंद केलेली औषधं लिहून काढा. पूजा, लग्न, प्रवास यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याही लिहा. त्यांनी पाळीची तारीख हलते, आणि नंतर डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘माझी पाळी नियमित आहे का’ याचं खरं उत्तर देता येत नाही.

गळणं वेगळं, विरळ होणं वेगळं

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० पडणं हा नेहमीचा हिशेब आहे. तो वाढतो तेव्हा ती गळती. केस सगळ्या डोक्यावरून येतात, लांब असतात, टोकाला पांढरा ठिपका असतो, उशीवर, जेवणाच्या ताटात, मोरीच्या जाळीवर दिसतात. वेणीची जाडी निम्मी होते आणि माणूस घाबरतं. पण कारण दूर झालं तर ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत थांबते आणि केस परत येतात.

विरळ होणं शांतपणे चालतं. जाळीवर फारसे केस नसतात, पण भांगाची रेघ रुंद होते, ट्यूबलाइटखालच्या फोटोत टाळू चमकते. कपाळावरची केसांची कड मात्र बहुतेक जागेवरच राहते. पुष्कळ जणींत भांग पुढच्या बाजूला जास्त रुंद आणि मागे निमुळता होत जातो. इथे केस पडून संपत नाहीत. प्रत्येक फेरीत उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. वर्षानुवर्षं वाढणारा केस काही महिन्यांतच वाढ सोडतो. हॉर्मोनचा हात असलेला प्रकार मुख्यतः हा. तो आपोआप उलटत नाही, म्हणून इथे वाट पाहण्यात तोटा आहे.

घरच्या घरी फरक ओळखायची एक चांगली रीत आहे. पाच दिवस डोकं धुवायचं नाही आणि तेलही लावायचं नाही. सहाव्या दिवशी बेसिनच्या जाळीवर मलमलीचा किंवा जुन्या सुती ओढणीचा तुकडा पसरून त्यावर डोकं धुवायचं. कापडावरचे सगळे केस वाळवून पांढऱ्या कागदावर मोजायचे आणि ३ सेंटीमीटर किंवा त्याहून आखूड केस वेगळे काढायचे. एकूण केस शंभराच्या वर आणि आखूड केस अगदी थोडे, तर गळती. एकूण शंभराच्या आत पण दहातला एक किंवा जास्त आखूड, तर विरळ होणं. दोन्ही आकडे वर असतील तर दोन्ही एकदम चालू आहे. पीसीओएस असून शिवाय लोह कमी असलेल्या मुलींत हे पुष्कळदा दिसतं. यात एक चूक हमखास होते. तुटलेला तुकडा आखूड केस म्हणून मोजला जातो. मुळापासून आलेल्या केसाला एका टोकाला ठिपका असतो आणि दुसरं टोक निमुळतं असतं. दोन्ही टोकं बोथट असतील तर तो तुकडा आहे. कडक पाणी, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत ओढलेला कंगवा यांनी केस असा मधेच तुटतो. त्यात मुळाचा दोष नाही, त्यामुळे गोळ्यांचाही उपयोग नाही.

ही मोजणी महिन्यातून एकदाच करा. रोज सकाळी केस मोजणाऱ्या मुलीला रोज वाईट बातमी मिळते आणि त्यातून काही कळत नाही. गळतीच्या भीतीने डोकं धुणं पुढे ढकलत राहिलं तर आठवड्याचे केस एकाच दिवशी निघतात आणि भीती दुप्पट होते. धुताना निघालेला केस मुळातून आधीच सुटलेला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा बिनधास्त धुवा.

चाई, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा, हा यातला प्रकार नाही, त्याचा उपचार वेगळा. आणि केस जाताना तिथे आग होत असेल, दुखत असेल, त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे मूळ कायमचं जाण्याचा धोका असतो.

हनुवटीवर जास्त, डोक्यावर कमी: असं का

टेस्टोस्टेरॉन बायकांच्या शरीरातही असतं, थोडं. केसाच्या मुळाशी त्याचं रूपांतर डीएचटी नावाच्या जास्त जोरकस हॉर्मोनमध्ये होतं. हेच हॉर्मोन हनुवटीवरची लव जाड करतं आणि टाळूवरचे केस बारीक करतं. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतली मुळं त्याला वेगवेगळं उत्तर देतात.

पीसीओएसमध्ये यात इन्सुलिनची भर पडते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त बनवतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि त्याच वेळी यकृतात बनणारं एसएचबीजी कमी करतं. एसएचबीजी टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. ते घटलं की रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, म्हणजे एकूण आकडा ठीक असूनही मुळांपर्यंत जास्त पोचतं. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली जाडसर पट्टा दिसत असेल तर तो मळ नाही. ती बहुधा इन्सुलिनची खूण आहे. लिंबू-बेसनाने घासून तो जात नाही, त्वचा मात्र सोलवटते.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन अगदी नॉर्मल असूनही केस या पद्धतीने विरळ होतात. मुळंच जास्त संवेदनशील असतात आणि ती संवेदनशीलता बहुधा घराण्यातून येते, आईकडून किंवा वडिलांकडून. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून मुलीला परत पाठवणं मला चुकीचं वाटतं. भांग रुंदावलेला डोळ्यांना दिसतोय, तर उपचार सुरू करायला तेवढं पुरे आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ (पीसीओएसचंच रूढ नाव) लिहून आलं की शिक्का बसतो. प्रौढ बायकांत निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी (दोन पाळ्यांत २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त अंतर), पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची खूण अंगावर किंवा रक्तात, आणि सोनोग्राफीतलं चित्र किंवा रक्तात वाढलेलं एएमएच (अंडाशयातून येणारं एक हॉर्मोन). पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी धरू नये, कारण त्या वयात तसं अंडाशय निरोगी मुलींतही दिसतं. बारावीतल्या मुलीला केवळ सोनोग्राफीवरून पीसीओडी सांगितलं असेल तर दुसरं मत घ्या.

आणखी एक गोष्ट, केसांची नसली तरी. गोळ्या चालू नसताना आणि गरोदर नसताना ९० दिवस पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही.

तपासण्या, आणि त्या कशामुळे चुकतात

बहुतेक मुलींना लागणारी यादी अशी: हिमोग्रॅम, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन), एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी. शक्य असेल तर बी१२ आणि डी जीवनसत्त्व. चेहऱ्यावर केस आणि मुरुमं जास्त असतील तर डीएचईएएस आणि १७-ओएचपी, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींशी संबंधित हॉर्मोनच्या तपासण्या. ही शेवटची तपासणी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी करायची असते. नाहीतर आकडा फसवतो.

फसवणाऱ्या इतर गोष्टी यापेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत, कारण लॅबमध्ये त्या सहसा कोणी विचारत नाही.

केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. रोज ५-१० मिलिग्रॅम बायोटिन पोटात असताना काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी येतो आणि इतर हॉर्मोनचे आकडेही हलतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस, ती गोळी बंद ठेवा. बायोटिनची खरी कमतरता मुळात दुर्मीळ आहे, त्यामुळे ती गोळी कायमची बंद केली तरी बहुतेकींचं काही बिघडत नाही.

ॲसिडिटीची कॅप्सूल. पुष्कळ कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोलबरोबर डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. या दोन्हींनी प्रोलॅक्टिन वाढतं. मग वाढलेल्या प्रोलॅक्टिनपायी एमआरआयपर्यंत धावपळ होते आणि कारण निघतं औषधाच्या डब्यातलं. घरातल्या स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. प्रोलॅक्टिनसाठी रक्त झोपेतून उठल्या उठल्या देऊ नये आणि लॅबचे जिने धापा टाकत चढल्यावर लगेचही देऊ नये. थोडं शांत बसून मग द्या.

हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी तपासून काही कळत नाही. आकडे खरे यायला गोळ्या थांबवून साधारण तीन महिने जावे लागतात. त्या काळात गर्भनिरोधाची दुसरी सोय हवी.

आणि फेरिटिन. हिमोग्लोबिन १२ आहे म्हणजे लोह भरपूर, असं नसतं. लोहाचा साठा फेरिटिन सांगतं. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा १० किंवा १५ छापलेली असते, म्हणून १८ आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. केसांचा विचार करणारे बरेच त्वचारोगतज्ज्ञ तो ४०च्या वर, काही ७०पर्यंत न्यायला सांगतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा आजारपणात ते करू नका.

आवाज घोगरा होणं, अवघ्या काही महिन्यांत दाढीसारखे केस येणं, पाळी एकदम बंद पडणं, असं काही असेल किंवा टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हॉर्मोनच्या तज्ज्ञाची) वेळ लगेच घ्या. हे सहसा पीसीओएस नसतं. अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, हे पाहावं लागतं.

लोह, थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

चहामुळे लोहाच्या गोळीचा बराचसा फायदा वाया जातो. गोळीच्या आधी आणि नंतर एक-दोन तास चहा-कॉफी नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी नको. लिंबूपाणी किंवा आवळा चालतो. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह चांगलं शोषलं जातं, हे अभ्यासांत दिसलं आहे. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहा, नुसतं हिमोग्लोबिन नको.

थायरॉक्सिनची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहाही नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा. दोन्ही गोळ्या चालू असलेल्यांना सोपी सोय म्हणजे थायरॉइड पहाटे, लोह दुपारी जेवणानंतर दोन तासांनी, कॅल्शियम रात्री. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करायचा, आधी केला तर तो स्थिरावलेला नसतो. टीएसएच ठीक झाल्यानंतरही केसांना आणखी तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात ‘गोळीचा उपयोग नाही’ म्हणून डोस स्वतः वाढवू नका. थायरॉक्सिन जास्त झालं तरी केस गळतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. ५५ किलो वजनाच्या मुलीला रोज साधारण ४५ ते ५५ ग्रॅम प्रथिनं हवीत. एक वाटी घट्ट वरण ६-७ ग्रॅम, एक अंडं ६, १०० ग्रॅम पनीर साधारण १८, मोठा पेला दूध ८, मूठभर शेंगदाणे ७. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटीवर दिवस काढणारी मुलगी तिथे पोचत नाही. एखाद्या संकष्टीने केस गळत नाहीत. पण नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा, पुढे वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण बंद, असं सलग चाललं तर तीन महिन्यांनी केस हिशेब मांडतात. उपास करायचाच असेल तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, वरी, दही, दूध, दाणे यांच्याकडे वळा. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यानेही पाळी सुधारते. मात्र ते सहा महिन्यांत उतरवा, सहा आठवड्यांत नाही.

मिनॉक्सिडिल: नीट लावलं तरच

विरळ होण्यावर सगळ्यात जास्त तपासलेलं औषध हेच. बायकांसाठी २ टक्क्यांचं द्रावण १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि ५ टक्क्यांचा फोम २०१४ मध्ये. द्रावण २ टक्के असेल तर दिवसातून दोनदा १-१ मिली. फोम ५ टक्के असेल तर दिवसातून एकदा अर्धं टोपण. आपल्याकडे ५ टक्क्यांचं द्रावण बायकांना रात्री एकदा द्यायचीही पद्धत आहे. जे ठरेल ते डॉक्टरांकडून ठरवा.

बाटली घेताना घटक वाचा. दुकानात मिनॉक्सिडिलबरोबर फिनास्टराइड मिसळलेली द्रावणं सर्रास मिळतात आणि भावाची किंवा नवऱ्याची बाटली उचलली तर ती तीच असू शकते. गर्भधारणा होऊ शकेल अशा मुलीने फिनास्टराइडपासून लांब राहावं. मुलगा गर्भात असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर त्याचा परिणाम होतो.

लावायची रीत. केस पूर्ण कोरडे हवेत. टोकदार कंगव्याने मधला भांग पाडा, मग त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या इंचावर आणखी दोन-दोन. १ मिली या पाच रेघांवर थेंबाथेंबाने त्वचेवर सोडायचं, केसांवर नाही. बोटाच्या टोकाने टिपल्यासारखं पसरायचं. मालिश नको, त्याने औषध केसांना लागून वाया जातं. हात साबणाने धुवा. निदान चार तास डोकं धुवू नका आणि झोपायच्या दोन तास आधी लावा. ओलं औषध उशीला आणि उशीवरून गालाला लागतं आणि महिन्याभराने गालावर लव दिसायला लागते. फोम आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटावरच वितळतो. तो आधी थंड बशीत काढा किंवा हात गार पाण्याने धुऊन पुसून मग घ्या. त्या दिवशी डोक्यात तेल नको. तेल हवंच असेल तर धुवायच्या आधी तासभर लावा. खोबरेल तेल केसाच्या दांड्याला जपतं, मुळाचं हॉर्मोन बदलत नाही. घरात मांजर असेल तर बाटली, कापूस आणि औषध लागलेलं डोकं तिच्यापासून लांब ठेवा. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे.

डोस बरोबर पडतोय का हे बाटलीच सांगते. ६० मिलीची बाटली दिवसाला २ मिलीने ३० दिवस पुरते, १ मिलीने ६०. तीन-चार महिने पुरली असेल तर औषध लागलंच नाही असं समजा.

आता सगळ्यात जास्त जणी जिथे सोडतात ती जागा. दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या मधे गळती वाढू शकते. नवा केस उगवायला लागतो तेव्हा अडकून राहिलेल्या जुन्या केसाला बाहेर ढकलतो. हे कोणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून मुलगी बाटली फेकते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात फरक दिसू लागतो, पुरता अंदाज वर्षभराने येतो. बंद केलं तर मिळवलेलं तीन ते सहा महिन्यांत जातं, हे सुरू करण्याआधी माहीत हवं.

खाज सुटली, कोंड्यासारखी पांढरी पूड दिसली, तर बहुधा द्रावणातला प्रॉपिलिन ग्लायकॉल त्रास देतोय. फोममध्ये तो नसतो, तो घेऊन पाहा. खरा कोंडा असेल तर किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवा. धडधड, चक्कर, पायांवर सूज आली तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा. कमी डोसची पोटातली मिनॉक्सिडिलची गोळीही आता देतात. केसांसाठी तिचा वापर लावायच्या औषधाइतका जुना नाही, अंगावर लव येण्याची शक्यता जास्त, आणि ती रक्तदाब, हृदय पाहूनच घ्यायची.

प्रगती पाहायला आरसा उपयोगाचा नाही. दर तीन महिन्यांनी फोटो काढा: त्याच खिडकीशी, त्याच वेळी, कोरडे केस, मधला भांग, मोबाइल तेवढ्याच अंतरावर, फ्लॅश बंद. ओल्या आणि तेलकट केसांत भांग नेहमीच रुंद दिसतो.

पोटातली औषधं

हॉर्मोनच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या एसएचबीजी वाढवतात आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी करतात. सायप्रोटेरॉन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेल्या गोळ्या केसांच्या दृष्टीने निवडल्या जातात. धूम्रपान, रक्तदाब, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, डोळ्यांपुढे चकाकत्या रेषा येणारी अर्धशिशी, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.

स्पायरोनोलॅक्टोन मुळाशी पुरुषी हॉर्मोनला अडवतं. २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून १००च्या आसपास नेतात, परिणाम सहा महिन्यांनी जोखतात. लघवीला जास्त होणं, उठताना चक्कर, मधेच रक्तस्राव हे त्रास होऊ शकतात. हे औषध पोटॅशियम धरून ठेवतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाची काही औषधं असतील तर रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं. रोज दोन-तीन शहाळी पिण्याची सवय असेल तर तीही सांगा, नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणि भरवशाचं गर्भनिरोधन चालू असल्याशिवाय ते घ्यायचं नाही. अविवाहित मुलीला हे विचारायला काही डॉक्टर संकोचतात, मुलगी आईसमोर उत्तर द्यायला संकोचते. पाच मिनिटं एकटीने बोलायला मागा. तो तुमचा हक्क आहे.

मेटफॉर्मिन साखर आणि पाळीसाठी चांगलं, केसांवर त्याचा थेट परिणाम फार नाही. वर्षानुवर्षं घेतलं तर बी१२ तपासत जा.

पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचण्याचे, निकाल माणसागणिक वेगळे येतात आणि खर्च दर वेळी काही हजारांचा. मिनॉक्सिडिल सहा महिने नीट लावल्याशिवाय त्याकडे वळू नये असं माझं मत आहे. ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी असलेला माणूस डॉक्टर असेलच असं नाही. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल पदवी आहे का ते विचारा. कांद्याच्या रसाने बऱ्याच जणींची त्वचा भाजते, एवढंच.

तोपर्यंत

औषध काम करेपर्यंत सहा महिने बाहेर वावरायचं असतं. सरळ भांगाऐवजी नागमोडी भांग पाडला की टाळूची रेघ तुटते. खांद्यापर्यंत कापलेले केस लांब वेणीपेक्षा दाट दिसतात. केसांच्या रंगाची केराटिनची पूड भांगावर शिंपडली तर लग्नाचे फोटो निभावतात, पावसात आणि मुंबईच्या घामात मात्र ती ओघळते. घट्ट अंबाडा, जड गंगावन, मागे खेचून बांधलेली पोनी यांनी कानशिलावरचे केस ओढून निघतात. नववधूचा खोपा एका दिवसासाठी चालेल, रोज नको. हेल्मेटखाली सुती स्कार्फ बांधायला हरकत नाही, त्याने केस विरळ होत नाहीत. फक्त ओले केस त्यात कोंडू नका.

नातेवाइकांच्या बोलण्याला एक वाक्य ठरवून ठेवा. ‘औषध चालू आहे, सहा महिन्यांनी डॉक्टर पाहणार आहेत,’ आणि विषय बदला. तेल, चूर्ण, ओळखीचे वैद्य यांवर वाद घालायची गरज नाही. स्थळं पाहायला सुरुवात झालेल्या घरात मुलीच्या केसांची चर्चा तिच्यासमोर होते. ती आईने थांबवावी, मुलीवर सोडू नये. पीसीओएस असलेल्यांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात आणि २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रत्येकीची त्यासाठी चौकशी करायला सांगतात. कॉलेज चुकवणं, मैत्रिणींना टाळणं, झोप उडणं सुरू झालं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मूल हवं असेल तेव्हा वही पुन्हा उघडायची. स्पायरोनोलॅक्टोन आणि मिनॉक्सिडिल दिवस राहण्याच्या प्रयत्नांआधीच बंद करायची, किती आधी ते डॉक्टर सांगतील. थायरॉक्सिन मात्र एक दिवसही थांबवायचं नाही. दिवस राहिले की त्याचा डोस सहसा वाढवावा लागतो, म्हणून चाचणी दोन रेघा दाखवेल त्याच आठवड्यात टीएसएच करा. गरोदरपणात केस बहुतेक दाट राहतात, आणि मग बाळ ओळखायला लागतं तेव्हा राखून ठेवलेले सगळे एकदम सुटतात. ते बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतांशी भरून येतात. गळतीबरोबर धडधड, खूप थकवा, वजनात चढउतार असेल तर तो जागरणाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येऊ शकते आणि एका टीएसएचमध्ये ती कळते. अंगावर पाजत असेपर्यंत मिनॉक्सिडिल नको. दूध सुटल्यावर, त्याच खिडकीशी, मधला भांग पाडून नवा फोटो काढा आणि जुन्या शेजारी ठेवून पाहा.